तिसरीच्या वर्गातली गव्हाण

प्रिय सई आणि निहार,

दिवाळीत फोनवर सईने विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडच्या शाळेत काउन्सेलर असतात का?" तुमच्या शाळेत काउन्सेलरच्या खोलीत बसायला मऊ पिशव्या आहेत, भिंतीवर मासे काढले आहेत, असंही तू सांगितलंस. मी म्हटलं, असतात, मीच होते. त्यावर तुम्ही दोघंही हसलात. निहारने लगेच विचारलं, "मग मुलं तुला काय सांगायची?" तेव्हा मी बोलणं तुमच्या तिकडच्या बर्फाकडे वळवलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या खोलीत बोललेलं खोलीबाहेर जायचं नाही, हा नियम मीच केला होता आणि नातवंडांच्या आग्रहाला तो अपवाद नव्हता.

आता एका हिवाळ्याबद्दल लिहायची मुभा मला मिळाली आहे. तो हिवाळा ज्या मुलीचा होता, तिनेच ती परवा दिली. अट एकच, नावं बदलायची. म्हणून तिला मी आफरीन म्हणते. बाकीची नावंही मीच ठेवलेली आहेत आणि शाळेचं नाव लिहीत नाही.

लिहायला दिवसही बरोबर आले आहेत. तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून समोर परातीत ठेवल्या आहेत, वाफ अजून आहे. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना तूर उभी आहे, आणि कापसाच्या गाड्या गेलेल्या रस्त्यावर बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले आहेत. सकाळी शाळेची गाडी गेली. माकडटोप्या घातलेली डोकी खिडक्यांतून दिसतात, त्यांतलं कोण कोणाचं, ते ओळखू येत नाही. या महिन्यात मुलांची बोटं आंबट असतात. येता येता हरभऱ्याच्या शेतात हात घालतात, पानांवरची आंब बोटांना लागते, मग ती पहिल्या तासाला बोटं चाटत बसतात. मी त्या शाळेत होते तेव्हाही असंच होतं.

मी नागपूरला मिशनच्या सिस्टरांच्या कॉलेजात इंग्रजीतून शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर रिकामं बसणं जमेना, म्हणून समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाले. तेव्हा इथल्या मिशनच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी बोलावणं पाठवलं. सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या मुलांकडून आणि चौकीदाराकडून शिकल्या, त्यामुळे ती अस्सल वऱ्हाडी. पांढऱ्या झग्यातल्या, चष्मा लावलेल्या त्या बाई, "काहून आलते? बसा न मंग" असं म्हणाल्या की नवीन पालक दचकून इकडेतिकडे बघत.

खोली मिळाली ती पाण्याच्या टाकीजवळची. दोन छोट्या खुर्च्या, एक मोठी, एक खिडकी. मी दार कधी पूर्ण लावलं नाही आणि कधी पूर्ण उघडंही ठेवलं नाही. सुरुवातीला त्या खोलीची मोठी दहशत होती. शिक्षक म्हणायचे, गप्प बस, नाहीतर आजी मॅडमकडे पाठवीन. पालकांना चिठ्ठी गेली की बाप धापा टाकत यायचा, "मॅडम, माया पोरगा येडा हाय का?" मी म्हणायचे, नाही हो, तो रोज पोट दुखतं म्हणतो आणि गणिताच्या तासालाच दुखतं. "असं होय? मंग मायंबी दुखे," म्हणून बाप निश्चिंत बसायचा. हळूहळू मुलांना कळलं की इथे मारत नाहीत, गृहपाठ विचारत नाहीत आणि इथलं बाहेर जात नाही. मग मधल्या सुट्टीत खिडकीशी डोकी दिसायला लागली. मुलं बहुतेक वेळा काही सांगायला येत नाहीत. ती बघायला येतात की हे माणूस अजून इथेच आहे का. हे मला पुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं.

डिसेंबर लागला की सिस्टर प्रत्येक वर्गात एक रिकामी गव्हाण ठेवत. लाकडाची, हातभर लांब. शेजारी टोपलीत वाळलेल्या गवताच्या काड्या. ज्याने काही चांगलं काम केलं त्याने एक काडी उचलून गव्हाणीत ठेवायची, काय केलं ते मात्र कोणाला सांगायचं नाही. नाताळापर्यंत जेवढ्या काड्या जमतील, त्यांच्यावर गोठ्यात जन्मलेल्या बाळ येशूची लाकडी मूर्ती निजवायची. ही कॅथलिकांची जुनी पद्धत आहे, माझ्या कॉलेजातही होती. पण तिथल्या मुली शहरातल्या. गव्हाण म्हणजे काय, ते त्यांना चित्रातूनच ठाऊक.

इथे तिसरीच्या वर्गात वैष्णवी होती. तिचं आजोळ धनजचं, सुट्ट्या सगळ्या गोठ्यात गेलेल्या. पहिल्याच दिवशी तिने हात वर केला. "सिस्टर, बाळाले गव्हाणीत निजवलं तर बैल काय खाईन?"

सिस्टरांनी विचार केला. "त्या राती बैल उपाशी राह्यला."

"असं नाही चालत," वैष्णवी म्हणाली. "आबाजी म्हणते, आधी जनावर, मंग माणूस."

आणि गवत हातात घेऊन तिने दुसरी तक्रार केली, की हे कुसळाचं आहे, बाळाला टोचेल. वर्गात मोठी चर्चा झाली. सोयाबीनचं कुटार नको, ते खाजतं. कडबा नको, तो जाड. गव्हाचा भुसा मऊ, पण त्याची काडी मोजता येत नाही. शेवटी मानोऱ्याकडच्या तांड्यावरून येणाऱ्या मुलांनी कुठूनसं मऊ, लांब, सोनेरी गवत आणलं आणि त्याला सगळ्यांची मान्यता मिळाली. बैलासाठी म्हणून एक पेंढी कोपऱ्यात वेगळी ठेवली गेली. पुढे कित्येक दिवस त्या वर्गाला शाळेचा वास येत नव्हता, गोठ्याचा येत होता.

आता मुलांची सत्कृत्यं. डिसेंबरात इतक्या पेन्सिली उसन्या मिळतात आणि इतक्या पाण्याच्या बाटल्या भरून मिळतात, की जानेवारीत या मुलांना काय होतं, असा प्रश्न पडावा. गव्हाण भरत चालली. आणि मग एका सोमवारी ती अर्धी दिसली.

रूपाली मिस, म्हणजे तिसरीच्या वर्गशिक्षिका, म्हणाल्या उंदीर असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या कमी. तेव्हा वैष्णवीने जाहीर केलं की तिची काडी त्यात नाही. तिने आपल्या काडीला लाल दोरा बांधला होता, देवाला ओळखू यावी म्हणून. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "पुण्यावर कोनी नाव लिवते का पोरी?" पण दोरा होता हे खरं, आणि चित्रकलेच्या तासाला तो सापडला. आफरीनने पट्टी काढायला कंपासपेटी उघडली, आत पट्टीशेजारी गवताच्या काड्या होत्या आणि त्यांतल्या एकीला लाल दोरा.

वर्ग किती झटक्यात एक होतो, हे शाळेत काम केल्याशिवाय कळत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव चोर झालं होतं. साधी चोर नाही, देवाच्या घरची.

रूपाली मिसने तिला माझ्याकडे आणून बसवलं. त्या तरुण होत्या, रागावल्या होत्या आणि खरं तर घाबरल्याही होत्या. आफरीन छोट्या खुर्चीवर बसली, हात मांड्यांखाली. मी विचारलं नाही काही. उकडलेल्या शेंगा होत्या डब्यात, त्या पुढे ठेवल्या. तिने एक घेतली, सोलली, दाणे पुन्हा डब्यात ठेवले. घंटा झाली तशी उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिचे वडील आले.

रशीदभाई पिंजारी. बाजारात गाद्या-रजयांचं दुकान. भुवयांवर कापसाची तूस, आवाज खालचा. सिस्टरांच्या टेबलासमोर ते उभेच राहिले.

"सिस्टर, दाखला द्या."

"बसा न भाऊ."

"बसत नाही. मेरी बच्ची को पूरी क्लास चोर बोलून राह्यली. गल्लीतले पोट्टे बी बोलले. गवतासाठी? आमच्या घरात कापसाचे ढीग पडलेत, तिला गवत कायले लागते?"

सिस्टर म्हणाल्या, सुट्टी लागेपर्यंत थांबा, मग दाखला मी स्वतः लिहून देते. रशीदभाई कबूल न होताच निघाले. ते गेल्यावर सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आजी मॅडम, ही पोट्टी गेली नाही पायजे."

मलाही तेच वाटत होतं. मूल शाळा बदलतं त्यात काही बिघडत नाही. पण चोर म्हणून गेलेलं मूल दुसऱ्या शाळेच्या फाटकातही चोर म्हणूनच शिरतं, कोणी काही म्हणालं नाही तरी.

मी दुपारी रजई भरायला टाकायची म्हणून दुकानात गेले. रजई मला हवीच होती, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं. पिंजायचं यंत्र चालू होतं. त्या आवाजात माणसाचे ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. हवेत कापूस तरंगत होता, उन्हाच्या पट्ट्यात येऊन संथ खाली बसत होता. हाताने कापूस पिंजायची जुनी धनुष्यासारखी पिंजणी भिंतीवर टांगलेली, तिची तात, म्हणजे दोरी, सैल पडलेली. आतल्या बाजूला आफरीनची दादी जमिनीवर पसरलेल्या रजईवर बसून टाके घालत होती, आफरीन तिला सुईत दोरा ओवून देत होती. माझ्या आईच्या वेळी पिंजारी दारोदार फिरत, त्यांच्या तातेचा टण्‌-टण्‌ आवाज गल्लीच्या टोकाशी आला की हिवाळा आला असं आम्ही मानत असू. मला त्या दुकानात बसायला फार बरं वाटलं.

दादीने मला ओळखलं नाही. आफरीनने ओळखलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "रजईला रंग कोणता बरा?" तिने हातातल्या सुईत दोरा ओवून दादीला दिला. मग म्हणाली, "जांभळा. मयला दिसत नाही." मग मला कपडा दाखवायला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे पाळण्यात तिचा भाऊ होता. काही महिन्यांचा. त्याच्या ओठांचा निळसर रंग पाहिला आणि मला विचारावं लागलं नाही.

"मुन्न्याच्या दिलात भोक हाय," आफरीन म्हणाली. "नागपूरले नेणार हाय. अब्बू म्हणतात कोणाले सांगाचं नाही. लोकं बिचारे-बिचारे करतात."

मग तिने उशी उचलली. उशीखाली काड्या होत्या, नीट एका दिशेने लावलेल्या, जशा काडेपेटीत असतात.

तिने मला जे समजावून सांगितलं, ते असं. एक काडी म्हणजे एक सवाब, एक पुण्य. तिची दादी रोज नमाजनंतर म्हणते, माझा सवाब मुन्न्याला पोचव. म्हणजे सवाब एकाचा दुसऱ्याला देता येतो. तिनेही गव्हाणीत काड्या टाकल्या होत्या, त्या तिने परत आणल्या. पण एकटीच्या कितीशा होणार? आणि तिकडे तर अख्ख्या वर्गाच्या होत्या, लाकडाच्या बाळासाठी. "त्याले तर काही झालं नाही ना," ती म्हणाली. "तो चांगला हाय."

मी आयुष्यभर पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत. इतका सरळ थोडाच.

"आजी मॅडम, चोरला तर सवाब पोचत नाही का?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा माझा दुसरा नियम. मी म्हटलं, "भोक काडीने बुजत नाही. ते नागपूरचे डॉक्टर बुजवतात, आणि अशी पुष्कळ बाळं त्यांनी बरी केली आहेत. तू काडी आणलीस म्हणून मुन्न्याचं वाईट होणार नाही. आणली नसतीस तरी झालं नसतं. हे तुझ्या हातात नव्हतंच." तिने खांदे खाली सोडले. इतका वेळ ते वर धरलेले होते, हे मला ते खाली आल्यावर दिसलं. मग मी विचारलं, शाळेत मी यातलं काय सांगू? ती म्हणाली, "मुन्न्याचं नका सांगू." आणि थोड्या वेळाने, "मी चोर नाही, ते सांगा."

दुकानातून शाळेकडे परतताना मी सरळ हिशेब मांडला. कारण सांगितलं तर ती चोर नाही हे एका मिनिटात सिद्ध होतं. कारण सांगायचं नाही. मग बदलता येईल असं एकच उरतं, ते म्हणजे चोरी.

सिस्टर शाळेच्या व्हरांड्यात नाताळचे कंदील मोजत होत्या. मी म्हटलं, मला कारण कळलं आहे, पण ते सांगता येणार नाही.

"मले बी नाही? मी प्रिन्सिपल हावो."

"फादर कन्फेशनमधलं तुम्हाला सांगतात का?"

"तुमी फादर नाही."

"नाही. पण ती खोली तुम्हीच दिलीत मला."

त्यांनी कंदील खाली ठेवला. मी म्हटलं, गव्हाणीला एक नियम आहे, दुसरा करा. चांगलं केलं तर काडी टाकायची. आणि कोणाला गरज असेल तर त्याने एक काडी घ्यायची, स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी. टाकताना का, ते विचारत नाही, तसं घेतानाही विचारायचं नाही.

"सारेच नेतीन मंग. बाळ कायच्यावर झोपन?"

"ते मला माहीत नाही."

सिस्टरांनी कंदिलाचा गुंतलेला दोरा सोडवला. मग म्हणाल्या, "झोपन तो. त्याले सवय हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिसरीत जाऊन नियम सांगितला. मी दाराशी होते. वैष्णवीचा हात वर गेलाच. "सिस्टर, हा नियम आधीच्या काड्याइले बी लागू हाय का?"

"हाय."

"मायावालीले बी? दोरा असला तरी?"

"तिले तर पयले."

वैष्णवीने बसून विचार केला. मग शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात, "मंग चोर नाही म्हणाचं. म्हटलं तर मी सिस्टरले सांगीन." दोन दिवसांपूर्वी सगळ्यांत जोरात चोर म्हणणारी तीच होती. मुलांना न्यायाचा कंटाळा येत नाही, फक्त नियम स्पष्ट हवा.

संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेले. रशीदभाईंनी यंत्र बंद केलं. मी सांगितलं, आमच्या शाळेत काडी घेणं ही चोरी नाही, तसा नियम आहे.

"माझ्या पोरीसाठी बनवला?"

"तिसरीसाठी बनवला. तुमची पोरगी तिसरीत आहे."

त्यांनी मागच्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला काय माहीत आहे, ते त्यांना कळलं असावं, आणि मी ते बोलणार नाही, हेही. "रजईत कापूस जरा जास्त भरला," ते म्हणाले. "या वर्षी थंडी हाय." दाखल्याचं काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. त्या रात्री मी झोपले चांगली, पण सकाळी नेहमीपेक्षा लवकर फाटकावर जाऊन उभी राहिले. गाड्या आल्या, सायकली आल्या, प्रार्थनेची घंटा व्हायला आली. मग रशीदभाईंची मोटरसायकल दिसली, पुढे टाकीवर आफरीन, दोन्ही वेण्यांत कापूस. ती उतरली आणि वर्गाकडे चालू लागली. वैष्णवी पाणी पिण्याच्या नळाशी थांबली होती. ती म्हणाली, "चाल न, उशीर करून राह्यली." बस, एवढंच.

पुढचे दिवस मला आजही अधूनमधून आठवतात, विशेषतः हवा अशी कोरडी आणि निळी असली की. गव्हाणीतल्या काड्या कमी होऊ लागल्या. आफरीनने नंतर एकही घेतली नाही, ते मी पाहत होते. घेणारी मुलं वेगळीच होती. तांड्यावरची एक मुलगी, जिचे आईबाप ऊस तोडायला गेले होते. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा, ज्याच्या घरी सगळं ठीक आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वैष्णवीनेही एक घेतली, झटकन, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. एकदा शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यातून जात होते. रूपाली मिस रिकाम्या वर्गात फळा पुसत होत्या. त्यांनी डस्टर ठेवलं, गव्हाणीजवळ गेल्या, एक काडी घेतली, दुमडली आणि पर्समध्ये टाकली. मी पुढे निघून गेले. त्यांना मी कधी विचारलं नाही.

मुलं टाकतही होती. रोज कोणी घेई, रोज कोणी टाकी. मी दोन वर्षं त्या शाळेत खिडकीशी येणाऱ्या मुलांची दुःखं ऐकत होते आणि मला वाटत होतं, सगळी माझ्याकडे येतात. जी येत नव्हती ती त्या गव्हाणीपाशी जात होती. बोलता न येणाऱ्या मुलाला मदत मागायची असेल तर त्याच्या हाताला काहीतरी उचलता यायला हवं. पुढच्या सगळ्या वर्षांत मी याच एका गोष्टीवर काम केलं आणि ते चांगलं झालं, असं मी आज म्हणू शकते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी बाळ निजवलं तेव्हा गव्हाणीत मूठभर गवत होतं. इतर वर्गांतल्या गव्हाणी गच्च भरलेल्या. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "तिसरीवाल्याइनं काहीच चांगलं काम नाही केलं." आफरीनने वाकून बाळाच्या पाठीखालचं गवत सारखं केलं.

मुन्न्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. रशीदभाईंनी स्वतः येऊन सिस्टरांना सांगितलं, आणि सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू दाबावं लागलं. आता तो त्याच शाळेत जातो, खूप ओरडतो. आफरीन मोठ्या शाळेत गेली. परवा ती दुरुस्तीला टाकलेली माझी जांभळी रजई घेऊन आली होती. मी तुमच्याबद्दल सांगितलं, विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिवा न. त्याइले बी कामी पडन."

बाकी पुष्कळ बदललं. सिस्टरांची बदली झाली, त्या आता दुसऱ्या राज्यात कोणाला तरी वऱ्हाडीत दचकवत असतील. माझ्या खोलीत कॉम्प्युटर ठेवले आहेत. वाशीमहून एक शिकलेली तरुण काउन्सेलर आठवड्यातून येते, ती व्हरांड्याच्या टोकाला बसते आणि तिथेही खिडकी आहे. मी या आठवड्यात शाळेत जाऊन पाहून आले. तिसरीच्या वर्गात गव्हाण ठेवलेली आहे, आणि आता पहिली ते चौथी सगळ्याच वर्गांत तिला दोन्ही नियम आहेत. काडी टाकता येते, काडी घेता येते, आणि का, ते कोणी विचारत नाही.

तुमची आजी